दुसऱ्याच्या गाडीचे दार

गिरगावातल्या जुन्या वाड्यांच्या तोंडाशी, बैलगाडीच्या आसाने भिंतीचा कोपरा खरवडू नये म्हणून आपल्या आजे-पणज्यांनी जो काळा दगड अर्धा पुरून ठेवला, तो बैलगाड्या गेल्या, घोडागाड्या गेल्या, तरी आपल्या जागी इमानेइतबारे उभा आहे, याचा प्रत्यय मला गेल्या जून महिन्यात आला. पावसाची नुकती भुरभुर सुरू झालेली, मागच्या काचेवर वाफ धरलेली, आणि वाडीत शिरलेल्या दुधाच्या टेम्पोला वाट देण्याची घाई, अशा योगावर मी गाडी मागे घेतली, आणि त्या दगडाने माझ्या २००८ सालच्या वॅगन आरचे डावीकडचे पुढचे दार बिजागरीपासून कडीपर्यंत असे चेपून ठेवले की ते उघडले तर मिटेना आणि मिटले तर उघडेना. दगडाला अर्थात काहीच झाले नाही.

अधिकृत सेवा-केंद्रातल्या तरुणाने पडद्यावरच्या यादीतून एकेक नग निवडीत, नवे दार, दाराभोवतीचे रबर, आतले अस्तर, रंग, रंगाखालचा प्रायमर, मजुरी आणि या सर्वांवरचा कर असे जे अंदाजपत्रक माझ्या हाती ठेवले, त्याचा अखेरचा आकडा गाडीच्या त्या दिवशीच्या बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्शाला जाऊन भिडत होता. त्या तरुणाचा यात दोष नव्हता. कंपनी वस्तू विकते ती अखंड विकते; दिव्याच्या पाठीमागचा प्लास्टिकचा एक कान तुटला तरी सबंध दिवा घ्यावा लागतो, काच वर-खाली करणाऱ्या यंत्रातली एक तार तुटली तरी सबंध यंत्र घ्यावे लागते, आणि पूर्वी ज्या कारागिराने ती तार आठ आण्यांत बदलली असती त्याला या नव्या व्यवस्थेत जागाच उरलेली नाही. दुरुस्ती या शब्दाचा अर्थ गेल्या तीस-चाळीस वर्षांत हळूहळू बदलून अदलाबदल असा झाला आहे, आणि बदली म्हणून बसवायची वस्तू कोरी करकरीतच असली पाहिजे, असा आग्रह त्या अर्थात नकळत मिसळून गेला आहे.

‘विमा आहे ना तुमचा? मग काळजी कसली!’ हे वाक्य अशा प्रसंगी शेजारी इतक्या सहजतेने उच्चारतात की विम्याच्या कागदाची मागली बाजू त्यांनी कधी उलटून पाहिली नसावी अशी शंका येते. मोटारीच्या विम्यात सुट्या भागांवर घसारा कापला जातो आणि त्याचे कोष्टक ठरलेले आहे: रबर, नायलॉन व प्लास्टिकच्या वस्तू, टायर, ट्यूब आणि बॅटरी यांवर, गाडी कालची असली तरी, निम्मी रक्कम वजा; फायबरच्या भागांवर ३० टक्के; काचेवर काहीच नाही; आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाबरोबर चढत जाणारी कपात, जी पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि दहा वर्षांवरील गाडीला ५० टक्के येऊन ठेपते. घसारा माफ करणारी पुरवणी मिळते, पण ती बहुधा तरुण गाड्यांनाच. त्याखेरीज १५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीला प्रत्येक दाव्यामागे १,००० रुपयांची सक्तीची वजावट असते. आणि हे सारे सोसले तरी खरा फटका पुढेच आहे. कारण दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, जी पहिल्या निर्वेध वर्षानंतर २० टक्के असते आणि ओळीने पाच वर्षे दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत चढते, ती एका दाव्यासरशी शून्यावर येते. समजा, दाराची किंमत १२,००० रुपये आहे. माझ्या गाडीसाठी कंपनी त्यांपैकी ६,००० मान्य करणार, त्यातून १,००० वजा जाऊन हाती पाच हजार पडणार, आणि या पाच हजारांपायी पाच वर्षे जपलेली निम्मी सूट मी आपल्या हाताने सोडून देणार! मोठ्या अपघातात विमा हा तारणहार असतो. दगडाने चेपलेल्या एका दारासाठी त्याला हाक मारणे म्हणजे सावकाराच्या घरी चहापत्ती उसनी मागायला जाण्यासारखे आहे.

तेव्हा मी लालबागच्या आमच्या मिस्त्रींकडे गेलो. पंचवीस वर्षे माझ्या तीन गाड्यांची नाडी पाहत आलेल्या या गृहस्थांनी दाराकडे एकदा आणि अंदाजपत्रकाकडे एकदा दृष्टी टाकली, आणि तो कागद घडी करून माझ्याच खिशात परत ठेवीत म्हटले, “साहेब, पत्रा तो पत्राच. बुधवारी सकाळी मोकळे आहात का? कुर्ल्याला जाऊन येऊ.”

कुर्ला ते कलिना असा जो रस्ता जातो त्याला सगळे सीएसटी रोड म्हणतात, आणि बोरीबंदरच्या स्थानकाशी त्याचा काही संबंध असावा अशी नवख्याची समजूत होते. वास्तविक ही अक्षरे सेंट्रल साल्सेट ट्रामवे या नावाची आहेत; १९२८ साली सुरू होऊन १९३४ साली बंद पडलेली ती एक आगगाडी होती. मेलेल्या आगगाडीचे नाव धारण करणाऱ्या रस्त्यावर मेलेल्या मोटारींचा बाजार भरावा, यात एक प्रकारचे औचित्य आहे. दुसरेही एक औचित्य आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना याच कुर्ल्यात होता. फियाट ११०० म्हणून जी गाडी तिथे तयार होऊ लागली आणि १९७४ सालापासून जिला पद्मिनी हे नाव मिळाले, तीच पुढे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. कारखान्याने ती गाडी बनविणे थांबविल्यावरही दोन दशके ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवर धावत राहिली. वीस वर्षांची वयोमर्यादा संपून शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून निघाली तोवर जुन्या पद्मिनीच्या अंगावरचे भाग काढून थोड्या कमी जुन्या पद्मिनीच्या अंगावर चढविणे हाच टॅक्सीवाल्यांचा संसार होता, आणि त्या संसाराला लागणारी हातोटी कुर्ल्याच्या आणि आसपासच्या गल्ल्यांत पिढीजात मुरली.

दुकान म्हणजे दहा बाय पंधराचा गाळा आणि त्याच्यापुढे गाळ्याच्या दुप्पट पदपथ. दारे उभी रचलेली, एकामागे एक, जशी लग्नघराच्या मागल्या अंगणात मांडववाल्याने पाटांची चळत लावावी. छताच्या सळयांना तारेने बांधलेले दिवे लोंबत असलेले. बोनेट भिंतीला टेकलेले. आणि एका कोपऱ्यात गिअर बॉक्सचा काळाभोर, तेलकट ढीग, ज्यातल्या प्रत्येकावर खडूने गाडीचे नाव आणि साल लिहिलेले. दुकानदाराने आम्हांला पाहून बसा म्हटले नाही, उठाही म्हटले नाही, “कौनसा मॉडल, कौनसा साल?” एवढेच विचारले. “दो हजार आठ, पुराना शेप,” असे मिस्त्रींनी सांगताच तो चळतीतून सरळ विसावे दार ओढू लागला. या ‘पुराना शेप’मध्ये सारे शास्त्र आहे. वॅगन आर १९९९ च्या अखेरीस बाजारात आली आणि २०१० साली तिचे सबंध अंग बदलले; नाव तेच राहिले तरी एकीचे दार दुसरीला बसत नाही. उलट बाजूने, मारुती ८००, ऑम्नी आणि पहिली अल्टो या तीन निरनिराळ्या चेहऱ्यांच्या गाड्यांच्या पोटात ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचेच इंजिन असल्यामुळे त्यांचे पुष्कळ भाग परस्परांना चालतात. कोणते कोणाला चालते, हे ज्ञान छापलेल्या पुस्तकात क्वचितच सापडते; ते त्या दुकानदाराच्या डोक्यात असते, आणि आपण त्याला जी किंमत देतो तीत पत्र्याच्या वजनापेक्षा या स्मरणशक्तीचे वजन अधिक असते.

दार बाहेर उजेडात आणल्यावर मिस्त्रींनी खिशातून रुमालात गुंडाळलेले लोहचुंबक काढले आणि रुमालासकट ते पत्र्यावरून वरपासून खालपर्यंत सावकाश फिरविले. जिथे कोरा पत्रा असतो तिथे चुंबक घट्ट धरते. जिथे पूर्वीच्या ठोकरेवर लांबी भरून वर रंग चढविलेला असतो तिथे ते सैल पडते आणि हातातून निसटते. पहिल्या दाराचा खालचा तिसरा हिस्सा असाच निसटला. दुसऱ्याला चुंबकाने सर्वत्र धरले, तेव्हा मिस्त्रींनी ते आडवे करून त्याच्या तळाच्या कडेतली छिद्रे पाहिली. काचेवरून ओघळलेले पावसाचे पाणी दाराच्या पोटात उतरून या छिद्रांतून बाहेर पडते. ती चिखलाने बुजली की पाणी आत साचते, आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत दार आतून बाहेर असे सडत येते, वरचा रंग मात्र अखेरपर्यंत नवरीसारखा झगझगीत राहतो. काडीने छिद्रे टोकरून, नाकाशी नेऊन, बिजागरीची भोके लांबट झाली नाहीत हे बोटाने चाचपून, काच तीनदा खाली-वर करून मग त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलविली. माझी गाडी रुपेरी रंगाची, हे दारही रुपेरी. रंगकामाचा खर्च वाचला, या आनंदात मी सौदा कबूल केला. घासाघीस तासभर चालली आणि तिच्यात माझे काम फक्त चहा पिण्याचे होते.

परतीच्या वाटेवर मिस्त्रींनी मला जे सांगितले त्याचा इत्यर्थ, माझ्या भाषेत, असा की गाडीचे सर्व भाग एकाच रीतीने म्हातारे होत नाहीत. आणि कोणता भाग कशाने म्हातारा होतो हे ज्याला कळले त्यालाच जुन्या बाजारात जाण्याचा अधिकार आहे. पत्रा पाण्याने म्हातारा होतो, पण त्याचे वार्धक्य डोळ्यांना दिसते. काच म्हातारी होतच नाही. ती फुटते किंवा टिकते. आसने, आरसे, चाकांच्या तबकड्या, कड्या, कुलपे, दिव्यांची घरे ही सारी अशीच उघड्या स्वभावाची मंडळी आहेत. त्यांत खोट असली तर ती तोंडावर सांगतात, आणि म्हणून ती जुनी घेण्यात धोका नाही, बचत मात्र भरपूर आहे. तांब्याच्या तारांची वस्तू, म्हणजे स्टार्टर किंवा अल्टरनेटर (मिस्त्री अद्याप त्याला डायनमोच म्हणतात), उष्णतेने म्हातारी होते, पण तिची परीक्षा जागच्या जागी घेता येते. दुकानदाराच्याच बॅटरीला जोडून स्टार्टर फिरवून पाहावा. अल्टरनेटर गाडीवर चढविल्यावर, इंजिन चालू असता बॅटरीच्या टोकांशी सुमारे १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखवीत असेल तर तो शाबूत समजावा. आणि पुष्कळदा मेलेल्या अल्टरनेटरमध्ये मेलेले असतात ते केवळ कार्बनचे दोन लहानसे ब्रश, जे बदलले की तो पुन्हा उठून बसतो. इंजिन आणि गिअर बॉक्स हे मात्र गूढ प्रकृतीचे आहेत. चालू गाडीतून काढलेले आपल्या समोर पाहिले असेल, किंवा प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घेता येत असेल, तरच त्यांच्या वाटेला जावे.

रबराचे तसे नाही. रबर कॅलेंडराने म्हातारे होते. गाडी चालो वा उभी राहो, ते आपले वर्ष मोजीतच असते. म्हणून ब्रेकच्या नळ्या, टायमिंग बेल्ट, तेल अडविणारी सीले, सस्पेन्शनचे बुश या वस्तू जुन्या बाजारात कितीही टवटवीत दिसल्या तरी त्यांना हात लावू नये. टायरच्या खाचा खोल दिसतात म्हणून मोहात पडणाऱ्याने त्याच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत: २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला, आणि मधली वर्षे त्याने कुठल्या उन्हात काढली हे कोणीच सांगू शकणार नाही. ब्रेकचे पॅड, क्लचची प्लेट, फिल्टर ही झिजण्यासाठीच जन्मलेली असतात. दुसऱ्याच्या गाडीत निम्मी झिजलेली वस्तू निम्म्या किमतीत घेणे हा फायदा नव्हे, कारण ती बसविण्याची मजुरी तर पुरीच पडते.

आणि मग एक तिसरा वर्ग आहे, ज्याविषयी बोलताना मिस्त्रींचा आवाज एकदम खाली आला. आसनाचा सुरक्षा-पट्टा आणि एअरबॅग या वस्तू आयुष्यात एकदाच काम करतात. पुष्कळ गाड्यांच्या पट्ट्यात तो क्षणार्धात आवळण्यासाठी लहानशी स्फोटक पुडी असते, एअरबॅग फुगते तीही तशाच पुडीने, आणि ती एकदा उडाली की वरचे कापड नीट घडी घालून झाकण बंद करता येते, पण आतला प्राण परत भरता येत नाही. दुकानात अशी वस्तू हाती घेऊन ती उडालेली की न उडालेली हे ओळखण्याचा सामान्य माणसापाशी काहीच मार्ग नाही. स्टिअरिंगच्या सांध्यांचेही तेच. आपल्या मुंबईत सीएनजीच्या टाक्याही जुन्या मिळतात; त्या टाकीची दर तीन वर्षांनी जलदाब चाचणी होणे नियमाने बंधनकारक आहे, आणि त्या चाचणीचा दाखला व टाकीवर कोरलेला क्रमांक यांची रुजवात ज्याला जुळविता येत नाही त्याने तो पैसा वाचवू नये, घरच्या माणसांसाठी तरी वाचवू नये.

हा सारा माल येतो कुठून, असा प्रश्न मला पडला होता, आणि त्याचे उत्तर मिळाल्यावर मला जुन्या बाजाराविषयी थोडा आदर आणि थोडे भय, असे दोन्ही वाटले. आदराचा भाग असा. अपघातग्रस्त गाडीच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या विम्यात घोषित केलेल्या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल तर विमा कंपनी ती संपूर्ण हानी धरून मालकाचा हिशेब चुकता करते, आणि उरलेला सांगाडा लिलावात जातो. पुढून चेंदामेंदा झालेल्या अशा गाडीची मागली दारे, डिकी, काचा, आसने बहुधा अंगाला ओरखडा न लागता वाचलेली असतात. जुन्या बाजारातला उत्तम माल तो हाच. आयुष्य संपलेल्या गाड्या येतात, पोलिसांनी लिलावात काढलेल्या बेवारस गाड्या येतात. महापुरानंतरही गाड्यांचा लोंढा येतो: २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर पाण्यात बुडालेल्या मोटारी किती घरांपुढे ओळीने उभ्या होत्या हे मुंबईकर विसरलेला नाही. बुडालेल्या गाडीचे दार चालेल, बोनेट चालेल. पण तिचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, तिच्या तारांचे जाळे, तिची कुठलीही विजेची मोटर वर्ष-सहा महिने बरी वागून एखाद्या रात्री घाटात दगा देते. आसनाखालच्या रुळांच्या खाचेत किंवा दिव्याच्या कोपऱ्यात वाळलेल्या चिखलाची बारीक रेघ दिसली, तर ती वस्तू ठेवून द्यावी. इलेक्ट्रॉनिक मेंदू कोरडा असला तरी तो आपल्या मूळ गाडीच्या किल्लीशी बांधलेला असतो, आणि परक्या गाडीत पुष्कळदा मुकाच राहतो.

भयाचा भाग चोरीचा. मेरठचा सोतीगंज हा बाजार चोरीच्या गाड्या काही घटकांत सुट्या करण्याबद्दल देशभर कुप्रसिद्ध होता. २०२१ सालाच्या अखेरीस पोलिसांनी त्याला टाळे ठोकले. पण सोतीगंजला टाळे लागले म्हणून चोर काशीला गेले असे नव्हे. चोरीची वस्तू, ती चोरीची आहे हे ठाऊक असता किंवा तसे मानण्यास कारण असता, जो बेइमानीने घेतो किंवा जवळ ठेवतो, त्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १ जुलै २०२४ पूर्वी हेच कलम दंडसंहितेत ४११ या क्रमांकाने नांदत होते. बाजारभावाच्या चौथाईने विनापावती मिळणारा नवाकोरा दिवा हे ‘तसे मानण्याचे कारण’ ठरू शकते, हे खरेदीदाराने मनात धरावे. दुकानाचे नाव, पत्ता, करनोंदणीचा क्रमांक, वस्तूचे वर्णन आणि तारीख असलेली पावती दुकानदार बिनबोभाट देत असेल तर तो माणूस सरळ आहे; पावतीचा विषय निघताच जो छताकडे पाहू लागतो, त्याच्या छताला लोंबणारे दिवेही पाहू नयेत. इंजिनाच्या बाबतीत पावतीवर भागत नाही: नोंदणीपत्रात इंजिनाचा क्रमांक असतो, तो बदलला की परिवहन कार्यालयाची मंजुरी आणि दप्तरी नोंद हवी, आणि त्या इंजिनाची मूळ गाडी रीतसर मोडीत निघाली याचा कागद विक्रेत्याने देता आला पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमाने, गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत नोंदणी-अधिकाऱ्यास कळविले पाहिजे. किती मालक ते कळवितात? भंगारवाल्याने मोजलेल्या नोटा खिशात घातल्या की आपल्याकडे गाडीचे तेरावे झाले असे धरतात, आणि त्या गाडीचा क्रमांक पुढे कुठे कुठे फिरतो याची दाद त्यांना नसते.

ही अनागोंदी मोडण्यासाठी २०२१ साली केंद्राने वाहने मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांचे नियम केले. असे केंद्र गाडी स्वीकारण्यापूर्वी ती चोरीची नाही हे गुन्ह्यांच्या राष्ट्रीय नोंदींत तपासते, मालकाला ठेव-प्रमाणपत्र देते, आणि त्या प्रमाणपत्रावर नवी खासगी गाडी घेताना राज्याला रस्ता-करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. दुसऱ्या बाजूने, पंधरा वर्षांवरील खासगी गाडीच्या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेली. योजना स्तुत्य आहे. परंतु जुने ते सारे लवकर वितळवून टाकावे, या घाईत चांगले दार, चांगली काच आणि चांगला अल्टरनेटर लोखंडाच्या भावाने भट्टीत जाऊ नयेत, एवढे मात्र कुणीतरी पाहिले पाहिजे. जुन्या मराठीत ‘भांगार’ म्हणजे सोने, आणि गोव्यात आजही ‘भांगर’ म्हणजे सोनेच. ‘भंगार’शी त्या शब्दाचे नाते आहे की नुसता उच्चाराचा शेजार आहे, हा निवाडा व्युत्पत्तिकारांनी करावा, पण ज्यांच्या गाडीचा कारखानाच देशातून उठून गेला त्यांना हा फरक फारसा जाणवत नसेल. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात शेव्हरोले विकणे थांबविले आणि आपल्या तळेगावचा कारखाना २०२० च्या डिसेंबरात बंद पडला. फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबविण्याची घोषणा केली. फियाटही बाजारातून गेली. या अनाथ गाड्यांना जुना बाजार हेच आता माहेर आहे. त्यातल्या त्यात फियाटच्या डिझेल गाड्यांचे नशीब थोर: तिचे १२४८ घनसेंटिमीटरचे मल्टिजेट इंजिन पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात तयार होत असे, टाटांनीही ते घेतले, आणि तेच इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्येही बसले, त्यामुळे पुंटोचा मालक आज स्विफ्टच्या मोडक्या सांगाड्याकडे भाच्याने मामाकडे पाहावे तसा पाहतो.

आता बचत किती झाली, हा प्रश्न. दाराची किंमत, टेम्पोचे भाडे, मिस्त्रींची मजुरी, असे सारे मिळून अंदाजपत्रकाच्या चौथ्या हिश्शाच्या आत भागले. पण त्यात माझा एक सबंध दिवस गेला तो धरलेला नाही, आणि दुकानदाराकडून मिस्त्रींना जे काही सुटले असेल तेही धरलेले नाही. ते सुटले असणार याविषयी माझ्या मनात शंका नाही आणि त्याबद्दल तक्रारही नाही. चुंबक त्यांचे, नजर त्यांची, आणि उद्या वस्तू नादुरुस्त निघाली तर आठ दिवसांच्या बोलीवर ती परत नेऊन भांडणारा आवाजही त्यांचाच. ज्याला असा मिस्त्री नाही त्याने एकट्याने कुर्ल्याला जाण्यापेक्षा ऑपेरा हाऊसच्या बाजारात जाऊन नवा माल घ्यावा, हे मी स्पष्ट सांगतो. तिथे कंपनीच्या वेष्टनाशिवाय विकला जाणारा, पण त्याच दर्जाचा मालही मिळतो आणि पावतीही मिळते.

दार बसविले त्या दिवशी आभाळ भरलेले होते आणि रंग एकजीव वाटला. दोन दिवसांनी ऊन पडले, तेव्हा माझ्या गाडीची रुपेरी छटा किंचित निळसर आणि दाराची किंचित पिवळसर आहे, हे वाडीतल्या एका सात वर्षांच्या मुलाने मला प्रथम दाखवून दिले. ते चालण्यासारखे होते. घोटाळा दुसराच झाला. जुन्या दारातले कुलूप काढून नव्या दारात घालायचे, हे मिस्त्री विसरले, आणि ते आठवले तोवर माझे चेपलेले दार भंगारवाल्याच्या हातगाडीवरून कुर्ल्याच्याच दिशेने निघून गेलेले होते. हल्ली माझ्या जुडग्यात दोन किल्ल्या असतात. उजवे दार माझ्या किल्लीने उघडते, डावे दुसऱ्याच्या. जुने दार घ्यायला जाल तेव्हा कुलूप तेवढे आधी काढून ठेवा.